ऑयगेन श्मालेनबाख यांची कारकीर्द : लोखंडी मालाच्या कारखान्यातून कोलोनच्या अध्यापनपीठापर्यंत

खतावणी

जर्मन व्यवसायशास्त्रज्ञ ऑयगेन श्मालेनबाख यांचे नाव आपल्याकडे वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही सहसा माहीत नसते. तरीही स्थिर व बदलत्या खर्चाची फोड, एका वर्षाचा नफा म्हणजे नेमके काय याविषयीची चर्चा आणि खात्यांना क्रमांक देऊन त्यांची चौकट बांधण्याची पद्धत या गोष्टी ज्या मोजक्या लोकांनी घडवल्या, त्यांत त्यांचा क्रम फार वरचा लागतो. त्यांच्या कारकिर्दीबद्दल जे वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे : या माणसाच्या आयुष्यातील प्रत्येक महत्त्वाचे लेखन पदामुळे किंवा पदवीसाठी झालेले नाही, तर कारखान्याच्या वहीत न सुटलेल्या एखाद्या प्रश्नातून झालेले आहे. या मताची इथे पारख व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

श्मालेनबाख यांचा जन्म २० ऑगस्ट १८७३ रोजी वेस्टफालियातील हाल्व्हर येथे झाला. त्या डोंगराळ पट्ट्यात ओढ्यांच्या पाण्यावर घण चालवून लोखंडकाम करण्याची जुनी परंपरा होती आणि त्यांच्या वडिलांचाही लोखंडी वस्तूंचा छोटा कारखाना होता. विद्यापीठप्रवेशासाठी लागणारी आबितूर ही परीक्षा न देताच ते शाळेतून बाहेर पडले, उमेदवारी केली आणि घरच्या धंद्यात लक्ष घालू लागले. १८९८ मध्ये लाइपत्सिश येथे व्यापारी उच्च विद्यालय उघडले, तेव्हा त्यांनी पंचविशीत पहिल्याच तुकडीत प्रवेश घेतला. तिथे पुढे नामवंत अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले.

विद्यार्थिदशेतच, १८९९ साली, त्यांनी धातुउद्योगाच्या एका व्यावसायिक पत्रात कारखान्यातील हिशेब आणि किंमत-आकारणी या विषयावर लेखमाला लिहिली. माझ्या दृष्टीने त्यांची खरी कारकीर्द इथे सुरू होते. त्या काळी अनेक कारखान्यांत सगळा वरखर्च एकत्र करून तो मजुरीच्या ठरावीक टक्क्यांनी प्रत्येक मालावर चढवला जाई. काम भरपूर असेपर्यंत ही रीत खपून जाते. मंदीत काम निम्म्यावर आले की तेवढाच वरखर्च थोड्या नगांवर पडतो आणि भाव वाढवायला हवा असे वही सांगू लागते. भाव वाढवला की उरलेले गिऱ्हाईकही तुटते. श्मालेनबाख यांनी काम वाढले म्हणून वाढणारा खर्च आणि कारखाना उभा आहे म्हणून होणारा खर्च वेगळे काढले आणि त्यांतला दुसरा खर्च एकेका नगाच्या माथी मारू नये, असे म्हटले. पाव शतकानंतरही ते याच मुद्द्याला वेगवेगळ्या बाजूंनी भिडताना दिसतात.

१९०३ मध्ये कोलोनच्या व्यापारी उच्च विद्यालयात त्यांनी अध्यापनाचा अधिकार देणारा प्रबंध, म्हणजे हाबिलिटात्सिओन, सादर केला. विषय होता एकाच उद्योगाच्या दोन विभागांत माल इकडून तिकडे देताना कोणती किंमत लावावी, हा. १९०६ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्यापारशास्त्रीय संशोधनाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. त्यांचे बहुतेक मोठे विचार आधी त्यातच प्रसिद्ध झाले.

त्या वेळी या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा अजिबात नव्हती. व्यापारी विद्यालयांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना व्यापाऱ्याच्या नफ्याचे शास्त्र ही कल्पनाच हीन वाटत असे. लुयो ब्रेन्टानो यांच्यासारख्या वजनदार अर्थशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या विषयावर उघड टीका केली. श्मालेनबाख यांनी त्याच सुमारास वेगळीच भूमिका मांडली : आपला विषय वैद्यकासारखी किंवा अभियांत्रिकीसारखी उपयोजित विद्या आहे, तिने कार्यपद्धती सुचवाव्यात आणि त्या प्रत्यक्षात चालतात की नाही यावर तिची परीक्षा व्हावी. कारखानदाराने जास्तीत जास्त कसे कमवावे हा तिचा प्रश्न नसून एखादी वस्तू कमीत कमी नासाडी करून कशी बनवावी हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या नावाशी सर्वाधिक जोडला गेलेला सिद्धांत गतिमान ताळेबंदाचा आहे. तो १९१९ मध्ये लेखरूपाने आला, नंतर पुस्तक झाला आणि त्याच्या आवृत्त्या त्यांच्या अखेरपर्यंत निघत राहिल्या. ताळेबंद कशासाठी मांडायचा, असा त्यांचा मूळ प्रश्न आहे. वर्षअखेरीस मालमत्ता किती आणि देणे किती हे दाखवण्यासाठी, की धंदा सुधारतो आहे की बिघडतो आहे हे कळण्यासाठी? धंदा सुरू झाल्यापासून मिटेपर्यंतचा एकूण नफा काढणे अवघड नसते, कारण शेवटी सारे रोखीत येते. अडचण मधल्या प्रत्येक वर्षाचा वाटा ठरवताना येते. दहा हजार मार्कांचे यंत्र घेतले आणि ते दहा वर्षे चालले, तर पैसे पहिल्या वर्षी जातात, पण खर्च दहा वर्षांत विभागला जातो, आणि अजून न विभागलेला भाग तोवर ताळेबंदात थांबून राहतो. आगाऊ मिळालेले पैसे, न विकलेला माल, पुढे द्यायची देणी या साऱ्यांना त्यांनी असेच पाहिले. त्यांच्या मांडणीत नफा-तोटा पत्रक मुख्य ठरते आणि ताळेबंद हे अजून निकाली न निघालेल्या बाबींचे कोठार बनते. नफ्याचा आकडा अगदी बिनचूक नसला तरी चालेल, पण तो दरवर्षी एकाच मापाने काढलेला असावा, म्हणजे या वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना करता येईल, यावर त्यांचा विशेष भर होता.

१९१९ मध्येच जुने कोलोन विद्यापीठ पुन्हा स्थापन झाले आणि व्यापारी विद्यालय त्यात सामावले गेल्याने श्मालेनबाख आता विद्यापीठाचे प्राध्यापक झाले. पुढच्या दशकात त्यांनी खात्यांची दशमान, म्हणजे शून्य ते नऊ अशा दहा वर्गांची, चौकट मांडली (१९२७), रूर खोऱ्यातील कोळसा खाणींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे काम केले (अहवाल १९२८) आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे मुक्त अर्थव्यवस्थेच्या भवितव्यावर एक गाजलेले भाषण दिले. १९३३ मध्ये त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. त्यांच्या पत्नी ज्यू कुटुंबातील होत्या आणि नाझी सत्तेखाली त्या पीठावर राहणे त्यांना शक्य नव्हते.

घसारा

लेख आवडला. मी लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून ताळेबंदाच्या भागाबद्दलच लिहितो.

खर्च आणि उत्पन्न यांची एकाच कालखंडात सांगड घालावी हे आम्हाला सीएच्या अभ्यासात पहिल्या काही पाठांतच शिकवले जाते, पण त्यामागे काय वाद होता हे कोणी सांगत नाही. आज मात्र वारे उलट दिशेने वाहत आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानके आणि त्यांच्या धर्तीवर आपल्याकडे २०१६-१७ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेली इंड-एएस मानके यांचा विचार मालमत्ता आणि दायित्व यांच्या व्याख्येपासून सुरू होतो. एखादी बाब या व्याख्येत बसत नसेल, तर केवळ खर्च वर्षावर्षांत नीट वाटला जावा म्हणून ती ताळेबंदात ठेवता येत नाही. काही मालमत्ता तर दरवर्षी बाजारमूल्याने मांडल्या जातात आणि त्यांच्या चढउतारांचा परिणाम थेट नफ्यावर होतो. श्मालेनबाख यांच्या दृष्टीने हा प्रकार ताळेबंद सांभाळण्यासाठी नफ्याचा आकडा बिघडवण्यासारखा झाला असता.

गुंतवणूकदाराला आजची किंमत हवी असते आणि व्यवस्थापकाला कामाचा कल हवा असतो. श्मालेनबाख यांनी दुसऱ्याची बाजू घेतली. मला वाटते याचे कारण त्यांच्या डोळ्यांपुढे शेअर बाजार नव्हता, कारखान्याचा मालक होता. तुमच्या मताला हा एक आधारच आहे.

खतावणी

तुमचा मुद्दा पटतो, पण बाजारमूल्य त्यांच्या समकालीनांनाही अपरिचित नव्हते. फ्रांकफुर्टचे प्राध्यापक फ्रित्स श्मिट यांनी १९२१ मध्ये नेमका हाच आग्रह धरला होता की, माल आणि यंत्रे पुन्हा घ्यायला आज जे पडेल त्या किमतीने हिशेब मांडावा, नाहीतर भाववाढीने फुगलेला नफा वाटून टाकण्यात धंद्याचे भांडवलच संपेल. त्या वर्षांच्या जर्मनीत हा वाद पुस्तकी नव्हता. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. जानेवारीत घेतलेला कच्चा माल आणि डिसेंबरात विकलेला पक्का माल एकाच चलनात लिहिलेले असले, तरी त्या दोन आकड्यांची वजाबाकी निरर्थक होती.

श्मालेनबाख यांनी यावर सोन्याच्या मार्कात ताळेबंद मांडण्याचा मार्ग सुचवला, म्हणजे मोजपट्टी बदलायची पण मोजण्याची रीत तीच ठेवायची. श्मिट यांना मोजण्याची रीतच बदलायची होती. तर्काच्या कसोटीवर मला श्मिट सरस वाटतात. पण त्यांची रीत वापरायची तर प्रत्येक वस्तूची चालू किंमत रोज माहीत हवी, आणि छोट्या कारखान्याच्या हिशेबनीसाला ते झेपणारे नव्हते.

वाटसरू

तुम्ही व्हिएन्नाच्या भाषणावर एका ओळीत बोळवण केली आहे, ते मला योग्य वाटले नाही. मे १९२८ मधील त्या भाषणात श्मालेनबाख म्हणाले की, मोठमोठी यंत्रे आणि वाढते भांडवल यांमुळे उद्योगांच्या खर्चात स्थिर खर्चाचा वाटा इतका वाढला आहे की, मागणी घटली तरी उत्पादन आटोपते घेणे त्यांना परवडत नाही. कारखाना बंद ठेवला तरी व्याज, घसारा, देखभाल चालूच राहते, म्हणून पूर्ण खर्च निघत नसला तरी तो चालवणे कमी तोट्याचे पडते. सगळेच असे करू लागले की भाव कोसळतात, आणि मग उद्योजक संघ करून भाव आणि उत्पादनाचे वाटे बांधून घेतात. म्हणून मुक्त अर्थव्यवस्थेचे युग संपत आले आहे आणि आपण बांधीव अर्थव्यवस्थेच्या उंबरठ्यावर उभे आहोत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कारखान्याच्या वहीतून निघालेला प्रश्न त्यांनी इथे संपूर्ण समाजाच्या भवितव्यापर्यंत ताणला, आणि माझ्या मते तिथेच तो तुटला. एका कारखान्यात स्थिर असलेला खर्च संपूर्ण उद्योगाच्या पातळीवर कायम स्थिर राहत नाही; कंपन्या बुडतात, यंत्रे कमी भावात दुसऱ्याच्या हाती जातात आणि नवा मालक कमी भांडवलावर तोच माल काढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने स्पर्धेवर आधारलेली व्यवस्था उभारली आणि स्थिर खर्चाने लादलेले उद्योगही तिच्यात टिकले. त्यांची पद्धत हीच त्यांची मर्यादाही होती, असे तुमच्या मताला जोडावे लागेल.

खतावणी

या भाषणाच्या दोन बाजू आहेत. भाकीत म्हणून ते फसले, हे मान्य. पण त्यात त्यांनी बांधीव अर्थव्यवस्थेचे स्वागत केले, असा जो अर्थ अनेक जण काढतात, तो त्या मजकुरातून निघत नाही. ज्या उद्योजकांना सरकारी हस्तक्षेप नको असतो तेच स्वतः संघ करून स्पर्धा मोडतात, ही विसंगती त्यांनी उद्योगजगतासमोर ठेवली आणि त्यामुळेच तिथे त्यांच्यावर रोष ओढवला. रूर खोऱ्यातील खाणींच्या चौकशीत कोळशाच्या विक्रीसंघाचे आणि खाणींच्या खर्चाचे आकडे त्यांनी स्वतः पाहिले होते, हेही विसरता येत नाही. १९२८ च्या जर्मनीतील कोळसा, पोलाद आणि रसायने या उद्योगांकडे पाहून दुसरा निष्कर्ष काढणे किती जणांना जमले असते, याबद्दल मला शंका आहे.

शिवाय ते तिथे थांबले नाहीत. १९४७-४८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी दोन खंडांत असा विचार मांडला की मोठ्या उद्योगातील विभागांना वरून हुकूम सोडण्याऐवजी योग्य अंतर्गत किमती ठरवून द्याव्यात आणि त्या किमतींच्या आधारे प्रत्येक विभागप्रमुखाने आपले निर्णय आपण घ्यावेत. जिथे क्षमता रिकामी आहे तिथे किंमत बदलत्या खर्चाएवढी असावी, आणि जिथे साधन अपुरे आहे तिथे त्याच्या टंचाईनुसार ती वर जावी. युद्धकाळातील नोकरशाही अर्थव्यवस्था पाहिलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष बांधीव अर्थव्यवस्थेच्या भक्ताचा वाटत नाही.

ऱ्हाइनकाठी

मी बरीच वर्षे जर्मनीत विद्यापीठीय क्षेत्रात काम करत आहे, त्यामुळे कारकीर्द या अंगाने लिहितो. आबितूर नसलेला, कारखान्यातून आलेला तिशीचा माणूस एका नव्या विद्यालयात प्रबंध सादर करतो आणि तीन वर्षांत प्राध्यापक होतो, ही घटना आज इथे जवळजवळ अशक्य आहे. आजचा उमेदवार डॉक्टरेटनंतर हाबिलिटात्सिओन करतो किंवा २००२ मध्ये कायद्याने आणलेल्या कनिष्ठ प्राध्यापकपदाची वाट धरतो. मुदतीच्या करारांवर डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा अशी वर्षांची मर्यादा असल्याने चाळिशीच्या आसपास कायमचे पद मिळाले नाही, तर अनेकांना विद्यापीठ सोडावे लागते. ज्या विद्यापीठात वाढलो तिथेच पहिले पीठ सहसा मिळत नाही; दुसरीकडून बोलावणे यावे लागते. निवडीत इंग्रजी नियतकालिकांतील शोधनिबंधांना फार वजन असते आणि कारखान्यात घालवलेली वर्षे अनेकदा रिकामी वर्षे म्हणून मोजली जातात. व्यावहारिक शास्त्रांच्या उच्च विद्यालयांत मात्र प्राध्यापक होण्यासाठी बाहेरचा कामाचा अनुभव अनिवार्य आहे, आणि श्मालेनबाख आज असते तर बहुधा तिथेच दिसले असते.

श्मालेनबाख यांनी सुरू केलेले नियतकालिकही आज त्यांचे नाव धारण करून इंग्रजीत निघते.

कीर्दकार

एक अवांतर वाटेल अशी, पण काळाशी जुळणारी गोष्ट लिहितो. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झाले, म्हणजे लाइपत्सिशनंतर अवघ्या पंधरा वर्षांनी. तिथे १९१८ पासून काही काळ अर्थशास्त्र शिकवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोनपासून जवळच असलेल्या बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी गेले होते आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. चलनाचे मूल्य स्थिर राहिले नाही तर त्याची झळ कोणाला बसते, हा त्या ग्रंथाचा एक महत्त्वाचा धागा आहे. या दोघांची भेट झाल्याची कोणतीही नोंद माझ्या वाचनात नाही आणि तसे सुचवायचेही नाही. पण पैशाची मोजपट्टीच आक्रसली तर काय होते हा प्रश्न त्या वर्षांत ऱ्हाइनकाठी अगदी समोर उभा होता, एवढे नक्की.

वाटसरू

१९३३ नंतरच्या वर्षांबद्दल कोणी अधिक लिहील का? इतर प्राध्यापकांनी काय केले, हेही त्यांच्या निवृत्तीशेजारी ठेवून पाहायला हवे.

ऱ्हाइनकाठी

बर्लिनचे हाइनरिश निक्लिश हे या विषयाचे दुसरे मोठे नाव. उद्योग म्हणजे मालक आणि कामगार यांचा एकजीव समुदाय, अशी त्यांची जुनी भूमिका होती. १९३३ मध्ये त्यांनी तीच भूमिका नाझी विचारसरणीशी जोडून नव्या सत्तेला जाहीर पाठिंबा दिला. श्मालेनबाख यांच्याकडे अशी समुदायाची शिकवण नव्हतीच. त्यांचे लेखन खर्च, किंमत आणि मोजमाप यांच्यापुढे फारसे जात नसे, त्यामुळे ते सत्तेच्या प्रचाराला सहज वळवता येण्यासारखे नव्हते.

त्यांचे तंत्र मात्र सत्तेने उचलले. १९३७ मध्ये जर्मन सरकारने उद्योगांसाठी खात्यांची एकसारखी चौकट लागू करण्याचा आदेश काढला. तिचा पाया श्मालेनबाख यांच्या १९२७ च्या मांडणीत होता. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांचे खर्च तपासायला आणि त्यांच्या किमती बांधायला सरकारला असे साधन हवेच होते. त्या वेळी त्याचे मूळ कर्ते पत्नीचा जीव वाचवण्याच्या चिंतेत घरी बसलेले होते. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात त्या पती-पत्नीला एका जुन्या शिष्याने आपल्या घरी लपवून ठेवले, म्हणून ती दोघे वाचली. युद्धानंतर श्मालेनबाख कोलोनला परतले, पुन्हा शिकवू लागले आणि २० फेब्रुवारी १९५५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

घसारा

त्यांच्यानंतर कोलोनला कोण आले? निव्वळ कारखान्याच्या वहीतून विचार करणारी परंपरा पुढे टिकली का?

खतावणी

१९५१ मध्ये तिथे एरिश गुटेनबेर्ग आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या प्रमुख ग्रंथाचा उत्पादनावरचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. गुटेनबेर्ग यांनी विषयाची सगळी बांधणीच बदलली : श्रम, यंत्रे आणि कच्चा माल यांच्या संयोगातून उत्पादन कसे ठरते, हे त्यांनी सूक्ष्म अर्थशास्त्राच्या गणिती रीतीने मांडले. बर्लिनचे कोनराड मेलेरोविच यांनी यावर जोरदार हरकत घेतली आणि व्यवहाराला उपयोगी पडेल तेच आपले काम असा जुना पक्ष लढवला. पुढच्या पिढीने मात्र बहुतांशी गुटेनबेर्ग यांची वाट धरली. तरी त्यांना निव्वळ पुस्तकी समजणे अन्यायाचे होईल, कारण १९३० च्या दशकात त्यांनी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले होते.

कीर्दकार

खात्यांची ती दशमान चौकट आज कुठे वापरात आहे का, की ती फक्त इतिहासात उरली?

ऱ्हाइनकाठी

रोजच्या वापरात आहे. जर्मनीतील छोट्या धंद्यांचे हिशेब ज्या संगणकीय प्रणालींवर ठेवले जातात त्यांत एसकेआर ०३ आणि एसकेआर ०४ अशा दोन चौकटी सर्रास आढळतात. ०४ ची रचना ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाच्या क्रमाने आहे. ०३ मात्र धंद्यातील कामाच्या ओघाने जाते : शून्याच्या वर्गात यंत्रे, इमारती आणि भांडवल, एकमध्ये रोख, बँक आणि येणी-देणी, तीनमध्ये माल-खरेदी, चारमध्ये चालू खर्च, सातमध्ये शिल्लक साठा आणि आठमध्ये विक्री. हा क्रम थेट श्मालेनबाख यांच्या विचाराकडे जातो. इथल्या कोणत्याही जुन्या हिशेबनीसाला बाराशे म्हटले की बँक आणि चौऱ्याऐंशीशे म्हटले की विक्री हे पाठ असते. युद्धकाळात जर्मन नमुन्यावरून फ्रान्समध्येही अशीच राष्ट्रीय चौकट तयार झाली आणि १९४७ मध्ये तिची फेररचना झाली. आमच्या ओळखीतले एक मराठी गृहस्थ इथे किराणा दुकान चालवतात. त्यांनी दुकान सुरू केले तेव्हा त्यांच्या कर-सल्लागाराने पहिला प्रश्न हाच विचारला होता की, तीन हवे की चार. त्यांनी तीन घेतले, कारण सल्लागाराच्या कार्यालयात सगळ्यांना तेच सवयीचे होते.